डग्गा कुठे गेला : एक हेडफोन, एक चष्मा आणि तीन फिल्टर

तक्रार अशी होती : "डग्ग्याची घुमकच येत नाही, आणि चाट कानात टोचते."

तक्रार करणारे पुण्यातले एक तबलाशिक्षक, वय सदुसष्ट. जुन्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांतून एकल तबलावादन ऐकायचं आणि त्यातले कायदे, रेले, गती बोलांसकट वहीत उतरवून घ्यायच्या, असं काम त्यांनी निवृत्तीनंतर अंगावर घेतलंय. बसायची वेळ रात्री दहानंतरची, म्हणजे स्पीकर बाद. भाच्याकडून त्यांनी एक वापरलेला, बंद कपांचा, स्टुडिओत असतो तसला हेडफोन घेतला होता. मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्यांच्या शिष्यांचे कार्यक्रम रेकॉर्ड करतो आणि त्यांना काका म्हणतो. त्यामुळे तक्रार माझ्याकडे आली.

तक्रार फार चांगली होती, हे आधी सांगायला हवं. हेडफोनबद्दल लोक सहसा 'मजा येत नाही', 'आवाज बसलाय', 'पैसा वसूल नाही' एवढंच सांगतात. त्यावरून काहीच हाती लागत नाही. काकांनी मात्र दोन जागा दाखवल्या होत्या. डग्ग्याची घुमक साधारण ७० ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात राहते. चाट म्हणजे तबल्याच्या पुडीची कड; तिच्यावरच्या 'ना'चा घाव, म्हणजे त्याचं टोक, ३ ते ७ हजार हर्ट्झमध्ये असतं. शिवाय ही आवडीनिवडीची गोष्ट नव्हती. मनगट दाबत डग्ग्याचा सूर वर नेला की नुसता 'घे' होता की बोटं लगेच उचलली, हे खालचा पट्टा नीट ऐकू आल्याशिवाय लिहिता येत नाही. तबल्याचं तसं नाही. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबल्याचे वरचे स्वन, म्हणजे मूळ सुराबरोबर उठणारे उंच स्वर, मूळ सुराच्या पूर्णांकी पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ साली सविस्तर दाखवलं. काळी एकला, म्हणजे २७७ हर्ट्झच्या आसपास लावलेला तबला एखाद्या फुटकळ स्पीकरवरही सुरात ओळखू येतो, कारण कान त्या वरच्या स्वनांवरून सूर धरतो. डग्ग्याला ही सवलत नाही. खालचा पट्टा गेला की उरतो नुसता थपथपाट.

हेडफोनचं नाव इथे देत नाही. मागच्या मालकाने त्याच्या मूळ मखमली गाद्या काढून बाजारातल्या पातळ रेक्झिनच्या गाद्या बसवल्या होत्या. अशा हेडफोनला मूळ मॉडेलचं नाव लावून काही बोलणं मला पटत नाही. गादीची जाडी, तिचं कापड, आतल्या भोकाचा आकार आणि ड्रायव्हरपासून (कपातल्या आवाज काढणाऱ्या भागापासून) कानापर्यंतचं अंतर यांवर आवाज इतका अवलंबून असतो की गादी बदलली म्हणजे मोजमापाच्या दृष्टीने हेडफोनच बदलला.

आधीचा उपाय, आणि तो का उलटला

भाचा हुशार मुलगा. त्याने काकांच्या विंडोज लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ टाकलं होतं. हे फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि लॅपटॉपमधून बाहेर पडणारा आवाज फिल्टरमधून गाळून घेतं; एकेक फिल्टर आवाजाचा एखादा पट्टा चढवतो किंवा उतरवतो. त्यात त्याने याच मॉडेलसाठी नेटवर मिळणारं दहा फिल्टरांचं तयार प्रीसेट भरलं. काकांचा अभिप्राय : "आवाज मोठा झाला, पण चाट आता टोचत नाही, कापते."

मी ती फाइल उघडून पाहिली. असली प्रीसेट बहुधा हरमनच्या लक्ष्यरेषेला धरून केलेली असतात. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२ पासून पुढे बऱ्याच श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून, लोकांना हेडफोनचा कसा समतोल आवडतो, याची एक रेषा काढली. कानावर बसणाऱ्या हेडफोनसाठी तिची २०१८ ची आवृत्ती जास्त वापरात आहे. काम पक्कं आहे, माझा त्यावर आक्षेप नाही. त्यांच्याच अभ्यासात जवळपास ६४ टक्के लोकांना ही रेषा पसंत पडली, १५ टक्क्यांना बेस आणखी हवा होता, २१ टक्क्यांना कमी. म्हणजे सरासरी म्हणून ही रेषा चांगली आहे. काका सरासरीत बसतात की नाही, हे ती कशी सांगणार?

पण खरी भानगड वेगळी होती. कंपनीच्या मूळ गाद्या लावलेला नवा हेडफोन मोजणीच्या कृत्रिम कानावर घट्ट बसवून मोजला, तर या मॉडेलचा बेस लक्ष्यरेषेपेक्षा थोडा जास्त निघतो. म्हणून प्रीसेटने खालचा पट्टा ३ डेसिबल उतरवला होता. काकांच्या डोक्यावर बेस मुळातच गळत होता, त्यातून आणखी ३ गेला. उलट ४ हजारांच्या जवळ मोजणीत खड्डा दिसतो म्हणून प्रीसेटने तिथे ५ डेसिबल चढवले होते. पातळ गादीमुळे ड्रायव्हर कानाच्या जवळ आला होता आणि त्या जागी आता खड्डा होता की नाही, याची काहीच खात्री नव्हती. त्यात भाच्याने मोबाइलवरच्या फोटोवरून आकडे हाताने भरताना वरची प्रीॲम्पची, म्हणजे एकूण पातळी आधीच उतरवून ठेवणारी, ओळ गाळली होती. ती ओळ सगळ्यात महत्त्वाची. डिजिटल आवाजाला वर छत असतं. नव्या ध्वनिमुद्रणांत घाव त्या छताला टेकलेलेच असतात. त्यावर ५ डेसिबल चढवले की लाटेचा माथा सपाट कापला जातो. चाटेचा घाव म्हणजे नेमका असा टोकदार माथा. 'कापते' हा शब्द काकांनी अगदी बरोबर वापरला होता.

आणि 'आवाज मोठा झाला'? ५ डेसिबल चढवले, प्रीॲम्प नाही, म्हणजे एकूण पातळी वाढणारच. दोन आवाजांत एकच डेसिबलचा फरक असला तरी कान मोठ्याला 'चांगला' म्हणून मोकळा होतो, फरक पातळीचा आहे हे लक्षातही येत नाही. भाच्याला प्रीसेट लावल्यावर 'जबरदस्त सुधारणा' ऐकू आली होती, त्यात हे बरंच असावं.

कशावर ऐकून ठरवायचं

काका हेडफोनची परीक्षा त्यांच्या कामाच्या ध्वनिमुद्रणांवर घेत होते, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या मोनो टेपांवर. त्यांतल्या कित्येक प्रतीच्या प्रतीच्या प्रती. वरचा पट्टा झिजलेला, खाली पंख्याची घरघर, माइक कुठे ठेवला होता देव जाणे. अशा टेपवर डग्गा आला नाही तर दोष हेडफोनचा, टेपचा, की त्या संध्याकाळी माइक लावणाऱ्याचा? ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी ध्वनिक्षेत्राला लागलेल्या या भोवऱ्यावर पुष्कळ लिहिलंय : ध्वनिमुद्रण स्पीकरवर ऐकून घडवलं जातं, आणि स्पीकर पारखला जातो त्याच ध्वनिमुद्रणावर. दोन्ही टोकं मोकळी, कुठलंच पक्कं नाही.

सुदैवाने त्या घरात तबला-डग्गा जोडी समोरच होती, आणि तीच जोडी त्याच खोलीत त्यांच्या शिष्येने वाजवलेलं माझं एक ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं. माइक कोणता, किती अंतरावर, त्यावर काय प्रक्रिया झाली (काहीच नाही), सगळं मला ठाऊक. शिष्येला बोलावलं. तिने वाजवायचं, काकांनी ऐकायचं, मग हेडफोन चढवून तेच बोल ध्वनिमुद्रणावर ऐकायचे. हेडफोन पारखायला याहून चांगली सोय मी कुठे पाहिलेली नाही. सुरुवातीला सगळे फिल्टर बंद ठेवले.

डग्गा नव्हताच. काका म्हणाले, "बघ, मी सांगत नव्हतो?" आणि हेडफोन सावरायला दोन्ही हातांनी कप कानांवर दाबले. दाबले आणि थांबले. "आला की रे!"

हात सोडले, गेला. दाबले, आला. मग मी त्यांना चष्मा काढायला सांगितलं.

काकांच्या चष्म्याची फ्रेम जाड, जुन्या वळणाची. तिच्या काड्या कानामागे जाताना गादीला उचलून धरत होत्या आणि गादी व कानशील यांच्यामध्ये फट राहत होती. रेक्झिन वाळून कडक झालेलं, त्यामुळे गादी काडीभोवती वळायलाही तयार नव्हती. बंद हेडफोनमध्ये खालच्या पट्ट्याचं सगळं गणित कप आणि कान यांच्यात कोंडलेल्या हवेवर असतं. पडदा पुढे आला की त्या छोट्या पोकळीत दाब वाढतो, मागे गेला की घटतो, आणि कानाला तो बेस म्हणून ऐकू येतो. फट असली की सावकाश होणारे बदल, म्हणजे कमी कंपनसंख्येचे, बाहेरच्या हवेशी जुळवून घेतात आणि दाब साठतच नाही. भराभर होणाऱ्या बदलांना तेवढी सवड नसते, म्हणून वरचा पट्टा शाबूत राहतो. कानाच्या तोंडाशी बसणारे माझे छोटे माइक लावून तुलना केली. ५० हर्ट्झला चष्म्यासह आणि चष्म्याविना यांत ७ डेसिबलच्या आसपास फरक होता. असल्या मोजणीतला सुटा आकडा मी कधी खरा धरत नाही, पण एकाच डोक्यावरच्या दोन स्थितींतला फरक विश्वासाचा असतो.

७ डेसिबल इक्वलायझरने भरून काढता येतात का? कागदावर येतात. पण गळक्या पोकळीत तेवढाच दाब आणायला पडद्याला कितीतरी जास्त हलावं लागतं, त्यात आवाज फाटतो. शिवाय चष्मा जरा सरकला की फट बदलते आणि भरलेला बेस कधी दुप्पट, कधी गायब. यांत्रिक दोषाला यांत्रिकच उपाय. मूळ प्रकारच्या जाड मखमली गाद्या मागवल्या आणि काकांनी वाचनासाठी दुसरा, बारीक तारेच्या काड्यांचा चष्मा करून घेतला. या दोन गोष्टींनी तक्रारीचा अर्ध्याहून अधिक भाग मिटला आणि अजून एकही फिल्टर लावला नव्हता.

चाट

गाद्या बदलल्यावर चाटेचं टोचणं कमी झालं, संपलं नाही. पट्टा शोधायची माझी पद्धत साधी आहे. साइन स्वर, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा शुद्ध स्वर, ३ हजारांपासून १० हजारांपर्यंत अगदी सावकाश, हलक्या आवाजात वर न्यायचा आणि ऐकणाऱ्याने कुठे अचानक अंगावर येतो, तिथे हात वर करायचा. काकांचा हात ५,८०० हर्ट्झच्या जवळ वर गेला. खालून वर जाताना आणि वरून खाली येताना, दोन्ही वेळा तिथेच. पुढे ८ हजारांच्या वरही एक जागा बोचली, पण हेडफोन किंचित मागे सरकवला की ती हलायची. तिला मी हात लावला नाही. त्या भागात लाटेची लांबी चार सेंटिमीटर आणि त्याहून कमी होते, कानाच्या पाळीचे खाचखळगे आणि गादीची बसकी यांवर सगळं ठरतं. एका बैठकीत नेमका लावलेला फिल्टर दुसऱ्या बैठकीत चुकीच्या जागी पडतो. तयार प्रीसेटमधले १० हजारांवरचे बारीक, टोकदार फिल्टर मी याच कारणासाठी सरसकट काढून टाकतो.

या पद्धतीत एक धोका आहे. प्रत्येकाचा कान स्वतःच काही स्वर उचलून धरतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे ३ हजारांच्या अलीकडे-पलीकडे आवाज नैसर्गिकरीत्याच चढतो. जन्मापासून आपण असंच ऐकत आलोय, मेंदू ते धरून चालतो. साइन स्वर तिथे मोठा वाटला म्हणून तो पट्टा कापला तर गायकाचा गळा भिंतीपलीकडून आल्यासारखा होतो. हेडफोनचा कच्चा आलेख पाहून '३ हजारला डोंगर आहे, सपाट कर' म्हणणारी मंडळी हेच करतात. म्हणून नियम असा ठेवला की साइनवर सापडलेली जागा तबल्यावरही टोचली तरच कापायची. ५,८०० ला ४ डेसिबल खाली, क्यू ३ (क्यू जितका मोठा, तितका फिल्टरचा पट्टा अरुंद). काकांनी 'नातिट'चा एक तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला, मग समोरच्या तबल्यावर शिष्येकडून वाजवून घेतला. "आता चाट लाकडाजवळची वाटते. आधी पत्र्यावरची होती."

खालच्या भागात दोन फिल्टर : ९० हर्ट्झच्या खाली २ डेसिबलचा लो शेल्फ, म्हणजे त्याखालचं सगळं सारखंच उचलणारा फिल्टर, आणि २२० हर्ट्झला क्यू १ ठेवून अडीच डेसिबल उतरवले. या दुसऱ्याचा फायदा मला अपेक्षेपेक्षा जास्त वाटला. बंद कपांत २०० च्या आसपास जो डबडबाट साठतो, तो डग्ग्याच्या घुमकेवर गोधडीसारखा पसरतो. तो काढला की घुमक न वाढवताही पुढे येते. बेस वाढवायच्या आधी त्याच्या वरचा चिखल काढून पाहावा. बहुतेक वेळा वाढवायची गरज निम्म्यावर येते. प्रीॲम्प उणे ३ ठेवला, म्हणजे छताला काही टेकत नाही.

मग तपासणी. गुलाबी गोंगाट (सगळे पट्टे असलेला, चाचणीचा सळसळाट) वाजवून इक्वलायझर चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींची पातळी माइकवर जुळवली, लॅपटॉप मी घेतला आणि काकांना पाठमोरं बसवून कोणती स्थिती आहे ते न सांगता अदलाबदल केली. चाटेचा फिल्टर त्यांनी दर वेळी ओळखला आणि दर वेळी लावलेलाच पसंत केला. लो शेल्फ मात्र दिवसा त्यांना नकोसा झाला : "जरा जास्त होतोय." रात्री कमी आवाजात तोच हवासा वाटला. यात विसंगती काही नाही. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलंय की आवाज हळू केला की खालचे स्वर वरच्यांपेक्षा कितीतरी वेगाने ऐकू येईनासे होतात. काका रात्री कुजबुजीइतक्या आवाजात ऐकतात, त्यामुळे २ डेसिबलचा शेल्फ तिथे रास्तच. दिवसाच्या संचात तो शून्यावर आणला.

जुन्या टेपा

एवढं होईपर्यंत आम्ही शुद्ध ध्वनिमुद्रणावर होतो. काकांचं खरं काम टेपांवर, आणि तिथे दोन गोष्टी उलटल्या.

शेल्फ ९० च्या खालचं सगळं उचलतो, त्यामुळे ५० हर्ट्झची विजेची हम आणि टेपयंत्राची गडगडही वर आली. त्या संचात शेल्फ काढून ९० ला क्यू १ चा रुंद उंचवटा दिला, ३ डेसिबल, आणि ५० ला क्यू १० चा अगदी अरुंद खड्डा. हमचा दुसरा स्वन १०० हर्ट्झला असतो, तोही खुपत होता. पण तिथे खड्डा केला तर डग्ग्याचाच लचका जातो, म्हणून तो राहू दिला. दुसरं, ५,८०० चा फिल्टर. टेपांचा वरचा पट्टा मुळातच झिजलेला, तिथे चाट टोचणार कुठून? उलट 'ति' आणि 'ट' वेगळे कळेनात. टेपांच्या संचात तो फिल्टर निम्म्यावर, २ डेसिबलवर आणला. तत्त्वतः मला हे पटत नाही. हेडफोनचा दोष हेडफोनपाशी सुधारावा, ध्वनिमुद्रणाचा ध्वनिमुद्रणापाशी. पण टेपांच्या शेकडो फायली एकेक करून सुधारायला काकांना सवड नाही, आणि बोल कळणं हे इथे तत्त्वापेक्षा मोठं आहे. असे तीन संच पीसमध्ये, म्हणजे इक्वलायझर एपीओच्या वरच्या चालकपट्टीत, नावं देऊन ठेवले : दिवस, रात्र, टेप.

काकांचा एक प्रश्न राहिला होता. ८ हजारांच्या वर त्यांना फारसं ऐकू येत नाही, हे साइन स्वरावरच लक्षात आलं होतं. सदुसष्टाव्या वर्षी ते अपेक्षितच आहे. "मग तिथे चढव की आठ-दहा." मी नाही म्हटलं. वयाने कान कमी होतो तेव्हा बारीक आवाज हरवतात, पण मोठे आवाज पूर्वीइतकेच, कधी जास्तच बोचतात, त्यामुळे सरसकट चढवलं की चाट पुन्हा कापायला लागेल. ऐकू न येणाऱ्या पट्ट्यात ऊर्जा ओतत राहण्याचा धोका वेगळाच. प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलपर्यंत ४० तास अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि काकांचे तास भरपूर होतात. त्यांनी ऑडिओग्राम, म्हणजे कानांच्या तपासणीचा आलेख, काढून घेतला. डाव्या कानाला ४ हजारांच्या पुढे घट उजव्याहून अधिक निघाली. श्रवणतज्ज्ञांनी सध्या यंत्राची गरज नाही म्हणून सांगितलंय, वर्षभराने पुन्हा तपासायचं ठरलंय. डाव्या-उजव्याला वेगळे फिल्टर इक्वलायझर एपीओमध्ये लावता येतात, पण त्यांचे टेप मोनो आहेत आणि दोन्ही कानांत थोडा वेगळा तबला ऐकून ते बोल लिहायला बसले तर काय होईल याचा अंदाज मला बांधता येत नाही. तो प्रयोग केलेला नाही.

एका टेपवर डग्गा अजूनही येत नाही. माझ्या ऐकण्यात तो टेपवर आहेच कुठे : माइक तबल्याच्या बाजूला, अगदी जवळ असावा, आणि ६० ते १५० मध्ये हमशिवाय काही सापडत नाही. तिथे काका इक्वलायझर बंद करतात आणि डग्ग्याच्या जागी वहीत प्रश्नचिन्ह घालतात.